भात्यापुढची दुसरी उशी

१४ सप्टेंबर, रविवार

आधी दुरुस्ती. परवाच्या नोंदीत मी 'बाबांना सांगून टाकलं' असं लिहिलं आहे. ते पूर्ण बरोबर नाही. सांगितलं हे खरं. पण तेव्हा धार लावायची शाण चालू होती, बाबांची पाठ माझ्याकडे होती आणि त्यांच्या कानांत कापूस होता. शिवाय 'बाबा, मी मोरिबेकाकांच्या भट्टीवर शिकायला जाणार आहे' या वाक्यातलं 'शिकायला जाणार आहे' बहुधा माझ्या मनातच राहिलं. त्यावर बाबांनी मान हलवली होती. ती मी होकार म्हणून नोंदवली. शाणेवरचं पाणी चेहऱ्यावर उडतं तेव्हाही ते तशीच मान हलवतात.

ही रोजनिशी माझ्याशिवाय कोणी वाचणार नाही. म्हणून तर ती जास्तच खरी हवी.

वस्तुस्थिती अशी. मोरिबेकाका त्र्याहत्तर वर्षांचे. आमच्यापासून चार गल्ल्यांवर त्यांची भट्टी. सुरीचं पातं ते घडवतात, बाबा त्याला धार लावतात, आमच्या दुकानात मी मूठ बसवते आणि छिन्नीने नाव कोरते. नाव आमच्या दुकानाचं, शिगेत्सुगु. घडवणाऱ्याचं नाव पात्यावर नसतं. आमच्या साकाई गावात असंच चालतं आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. ऑगस्टमध्ये काका मला म्हणाले, कानाए, मला शेवटचं एक माणूस तयार करायचंय. तुझी नजर बरी आहे. हात कसा आहे ते घण उचललास की कळेल. आठ नोव्हेंबरला आम्हा लोहारांचा भात्याचा सण. भट्टी विझवून, भात्यापुढे संत्री ठेवून मी बसतो. यंदा बसायची उशी एक टाकू की दोन, तेवढं त्याआधी सांग.

पंचावन्न दिवस आहेत. उद्या बाबांना सांगणार. शाण बंद असताना.

१५ सप्टेंबर, सोमवार

आज ज्येष्ठांच्या सन्मानाची सुट्टी. आजच्या दिवशी वडिलांना धक्का देणं बरं दिसलं नसतं.

१७ सप्टेंबर, बुधवार

सांगणारच होते, पण दुकानात एक मोठी गोष्ट घडली.

किशिवादाहून त्सुजिमुराबाई आल्या. सत्तरीच्या, ताठ. वर्तमानपत्राच्या गुंडाळीतून सुरी काढली. माशांचे काप करायची लांब सुरी, पण चाळीस वर्षांच्या जुन्या पात्यांसारखी झिजून निम्मी झालेली. पाठीवर गंज. नाव धूसर. त्यांचे यजमान मार्चमध्ये गेले. त्यांची छोटी खानावळ होती आणि ही शेवटची सुरी त्यांनी आमच्याकडूनच घेतली होती. बाई म्हणाल्या, ही कुणाच्या हातची, तेवढं मला बघून सांगा.

योने आत्या, म्हणजे बाबांची मोठी बहीण, काऊंटरवर चहा पीत बसली होती. ती काही बोलायच्या आत मी म्हटलं, लेखी देते.

हात ओळखणं हा माझा विषय आहे. लिहायला शिकण्याआधी मी आजोबांच्या मांडीवर बसून छिन्नीचे घाव वाचायला शिकले. आजोबा म्हणायचे, माणूस खोटं बोलेल, घाव बोलत नाही.

आता मात्र नियम करणं भाग आहे. एका वेळी एकच मोठी गोष्ट. आधी सुरी, मग बाबा. डोकं दोन ठिकाणी असलं की दोन्ही कामं बिघडतात.

२० सप्टेंबर, शनिवार

मुळ्याचं बूड आणि घासायची पूड घेऊन गंज काढला. मग गरम पाणी, कोरडं फडकं, दुसरं कोरडं फडकं, तेलाचे दोन थेंब, कागद. माझ्या निगा-पत्रकात अकरा नियम आहेत. प्रत्येक गिऱ्हाइकाला मी ते वाचून दाखवते. लिंबू चिरून सुरी तशीच ठेवू नका. ओल्या फळीवर ठेवू नका. बोलत उभ्या राहू नका, आधी पुसा. काल एक नवी नवरी पाचव्या नियमालाच म्हणाली, मग मी स्टीलचीच घेते. आत्या म्हणाली, अगं, सुरी विकतेस की बाळ दत्तक देतेस?

उद्या पुन्हा एकदा घासणार. पाठीवर अजून एक डाग आहे. (दुरुस्ती: दीड.)

२६ सप्टेंबर, शुक्रवार, सकाळी ६.१०

ओळखलं!

भिंग घेऊन सहा दिवस बसले. दुकानात काचेच्या कपाटात आजोबांच्या हातची शेवटची सुरी आहे, तिच्याशी घाव ताडून पाहिले. तंतोतंत. शेवटच्या अक्षराची शेवटची रेघ खाली येताना किंचित थरथरते आणि मग एकदम निसटते. हा थरकाप साधा नाही. साठ वर्षं छिन्नी धरल्यावर हातात जे शहाणपण येतं, ते तिथे आहे. जोर न लावता सोडून देणं.

म्हणजे ही आजोबांच्या अखेरच्या उन्हाळ्यातली सुरी. पुढच्या थंडीत ते गेले. मी तेव्हा नऊ वर्षांची होते.

डोळ्यांत पाणी आलं. सुरीवर पडू दिलं नाही. पुसली.

२८ सप्टेंबर, रविवार

पत्र टाकलं. तीन पानं. 'हा घाव अनुभवाशिवाय येत नाही' असं एक वाक्य आहे, ते मला फार आवडलं. पोलादाविषयीही लिहिलं: 'घडवणारा लोहार आता हयात नसावा. असं काम हल्ली होत नाही.' हे थोडं धाडसाचं होतं, पण परीक्षकाने भूमिका घ्यायला हवी.

बाबांना आता निवांत सांगता येईल. फक्त आज ते खुशीत होते. खुशीत असलेल्या माणसाला असं काही सांगणं म्हणजे विश्वासघात.

३० सप्टेंबर, मंगळवार

आज बाबा खुशीत नव्हते. तेव्हा तर विचारायलाच नको.

त्सुजिमुराबाईंची सुरी घासत असताना ते मागून आले. म्हणाले, रोज घासतेस? मी म्हटलं, डाग राहतो. ते म्हणाले, डाग कुठाय? नाव दिसेनासं व्हायला लागलंय बघ. एवढी काळजी घेतलीस तर पातं राहणार नाही, नुसती काळजी राहील. सुरीने रोज मासा कापला की गंज धरायला तिला वेळच मिळत नाही.

नाव खरंच पुसट झालंय. बाबांना माझ्या कामातलं काही कळत नाही असं नाही, पण निगा हा त्यांचा विषय नाही.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

हे लिहू की नको, अशी सकाळपासून घालमेल. लिहायलाच हवं.

पत्राची प्रत फायलीत लावत होते. आत्याने मागितली. चष्मा लावून वाचू लागली. दुसऱ्या पानावर तिला ठसका लागला, चहा नाकातून आला. मी पाठ थोपटली. मग कळलं की ती हसत होती.

आत्या म्हणाली, साठ वर्षांचा अनुभव? अगं बये, तो तुझा हात आहे!

मी म्हटलं, शक्य नाही.

ती म्हणाली, त्या उन्हाळ्यात तुझ्या आजोबांना काही दिसत नव्हतं. मोतीबिंदू. डॉक्टरकडे जायला तयार नाहीत आणि नाव कोरणं दुसऱ्याला द्यायला तयार नाहीत. मग तुला मांडीवर घेतलं. ते छिन्नीवर बोट ठेवायचे, तू हातोडी मारायचीस, जीभ बाहेर काढून. अकरा सुऱ्या कोरल्यास.

मी म्हटलं, ते तुकडे होते, रद्दीतले. आजोबाच म्हणाले होते की सराव आहे.

आत्या म्हणाली, सराव म्हटलं नसतं तर तू कोरलं असतंस? दहा आम्ही विकल्या. दोन परत आल्या. एकाने लिहिलं होतं, आपले कारागीर दारू पितात काय?

मी कपाटातल्या सुरीकडे बोट दाखवलं. आत्याने डोळे पुसत मान हलवली. तीही.

दर नववर्षाला आम्ही सगळे त्या सुरीपुढे वाकून नमस्कार करतो. मीही करते. सतरा वर्षं करते आहे.

आणि ती थरथरणारी रेघ? आत्या म्हणाली, शेवटच्या रेघेला तुला दर वेळी शू लागायची. आजोबा उठू देत नसत, म्हणायचे, रेघ पुरी कर, मग जा. रेघ पुरी केलीस की पळायचीस.

जोर न लावता सोडून देणं.

७ ऑक्टोबर, मंगळवार

त्सुजिमुराबाईंना दुरुस्तीचं पत्र लिहिलं. फाडलं. 'एका किरकोळ तपशिलात बदल' अशी सुरुवात होती. दुसरं लिहिलं. त्यात पहिल्याच ओळीत शू आली. फाडलं.

या स्थितीत बाबांशी भट्टीविषयी बोलणं शक्य नाही, हे कुणालाही पटेल. ज्या मुलीला स्वतःचा हात ओळखता येत नाही तिने घण मागायचा?

३२ दिवस.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

सुरीची मूठ आतून कुजली होती म्हणून बाबांनी लाकडी ठोकळ्याने ठोकून काढली. मुठीत जाणारा दांडा पहिल्यांदा उघडा पडला. त्यावर नखाएवढी एक चंद्रकोर, पंचने मारलेली. मोरिबेकाकांची खूण. लोहार आपली खूण दांड्यावर मारतात. मूठ बसली की ती कुणाला दिसत नाही. पत्र लिहिण्याआधी मूठ काढून बघायची, हे मला सुचलं नाही. म्हणजे सुचलं होतं, पण मूठ काढताना लाकूड चिरलं तर, म्हणून सोडून दिलं होतं.

आत्या कोबी आणायला म्हणून गेली आणि वाटेत काकांना सांगून आली. तासाभरात काका दारात. एप्रन तसाच, भुवया जळक्या. म्हणाले, शिगेत्सुगुकडच्या परीक्षकबाई आहेत का घरात? मी हयात नाही असं ऐकलं. म्हटलं, बायकोला कळायच्या आत खात्री करून घ्यावी.

बाबा हसले. बाबा! शाण बंद करून.

जाताना काका मला हळू म्हणाले, एक की दोन?

मी म्हटलं, काका, बाबांशी बोलायचं राहिलंय. ते मोडून पडतील. दुकानात माझ्याशिवाय कोण आहे?

काकांनी बाबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला वाटतं त्यांना माझी अवस्था कळली.

मी या घरात दोन्ही बाजूंनी अडकले आहे. मूठ घट्ट बसावी म्हणून दांडा लाल करून लाकडात जाळत बसवतात. तसंच काहीसं.

(दुरुस्ती: चांगली बसवलेली मूठसुद्धा ठोकळ्याच्या चार फटक्यांत निघते. आज पाहिलं. उपमा काढून टाकावी.)

२२ ऑक्टोबर, बुधवार, दुपार

त्सुजिमुराबाई सुरी न्यायला आल्या. दुरुस्तीचं पत्र गेलेलंच नव्हतं, त्यामुळे सगळं तोंडी सांगावं लागलं. मी जमिनीला डोकं टेकून माफी मागितली आणि सगळं सांगितलं. आजोबांचे डोळे, माझी जीभ, शूसुद्धा. खोटं बोलायचं नाही म्हणजे नाही.

बाई म्हणाल्या, ते मला ठाऊक आहे हो.

मी डोकं वर केलं.

त्या म्हणाल्या, आमचे हे त्या दिवशी तुमच्या दारात उभे होते. एक पोर म्हाताऱ्याच्या मांडीवर बसून कोरतेय, जीभ बाहेर, असं घरी येऊन सांगितलं. पुढे ढीगभर चांगल्या सुऱ्या होत्या. यांनी ओली शाई वाळायची वाट पाहावी तशी ती एकच व्हायची वाट पाहिली आणि तीच घेतली. सतरा वर्षं दुसरी हातात धरली नाही. म्हणून तर झिजली एवढी. शेवटी शेवटी दवाखान्यात म्हणायचे, ती पोरगी आता मोठी लोहार झाली असेल. म्हणून मी विचारायला आले, ही कुणाच्या हातची. तुम्ही आजोबांवर तीन पानं लिहून पाठवलीत. छान होतं पत्र. पण मला पोरीचं विचारायचं होतं. काय करते ती हल्ली?

आत्याने चहाचा पेला खाली ठेवला. शाणेचा आवाज थांबला होता.

मी उत्तर दिलं की लवकरच भट्टीवर रुजू होणार आहे.

(दुरुस्ती: मी 'बरी आहे' असं म्हटलं.)

२३ ऑक्टोबर, गुरुवार, सकाळी ७

आज सांगितलं. खरंच. समोर उभी राहून, शाण बंद, कापूस बाहेर. पूर्ण वाक्य, क्रियापदासकट.

बाबा म्हणाले, कधीपासून?

मी म्हटलं, काय कधीपासून?

ते म्हणाले, जातेस कधीपासून? मोरिबेने तुझ्या आधी मलाच विचारलं होतं, जुलैमध्ये. मी म्हटलं, तिला विचार, मला काय विचारतोस? नाव कोरायला आत्या आहे. माझी बहीण तुझ्यापेक्षा सरळ कोरते, तुला वाईट वाटेल म्हणून बोलत नाही. मूठ मी बसवेन. जा तू. चार गल्ल्या तर आहेत, जेवायला ये.

आणि ते शाणेवर बसले.

झालं. दोन महिन्यांचं ओझं उतरलं. मोकळी झाले.

२३ ऑक्टोबर, दुपार

इतक्या सहज कसं हो म्हणाले?

यात काहीतरी दुखावलेलं आहे. ज्या माणसाला खरंच लागतं तो असाच, जेवायला ये वगैरे म्हणतो. आत्याला विचारलं. ती म्हणाली, तुझा बाप दुखावला की जेवत नाही. आज दोन वाट्या भात खाल्ला. मी म्हटलं, म्हणजे दाखवत नाहीत. आत्या म्हणाली, दार सताड उघडंय गं. तू मात्र कडीवरची धूळ पुसत बसलीयस.

आत्या काऊंटरवर बसून बसून कठोर झाली आहे.

३० ऑक्टोबर, गुरुवार

त्सुजिमुराबाईंच्या सुरीला नवी मूठ. त्यांनी सुरी परत नेलीच नव्हती. म्हणाल्या, नाव पुसट झालंय, ते पुन्हा कोरून द्या. त्याच पोरीकडून.

छिन्नी धरली. हात स्थिर. हा स्थिर हात त्या रेघेवर चालवायचा तर ती सरळ होईल, आणि मग ती त्यांच्या यजमानांची सुरी राहणार नाही. मुद्दाम थरथरावं, तर ते खोटं. चार तास बसले. कोरलं नाही.

हे आधी संपवलं पाहिजे. अर्धं काम मागे टाकून नव्या गुरूकडे जाणं शोभत नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार

काका स्वतः आले. संत्र्यांची पेटी खांद्यावर. म्हणाले, परवा सण. काय टाकू?

मी म्हटलं, बाबा हो म्हणालेत.

ते म्हणाले, तुझा बाप उशीवर बसणार आहे का?

मी सुरीचं सांगितलं. वर्षअखेरीच्या ऑर्डरींचंही सांगितलं. डिसेंबरमध्ये सगळ्या गावाला नवी सुरी हवी असते. शिवाय निगा-पत्रकाची नवी आवृत्ती, चौदा नियमांची. ते ऐकत होते. मग म्हणाले, कानाए, नऊ वर्षांची असताना तुला उठायची घाई होती आणि तरी तू रेघ पुरी केलीस. आता तुला कुठेच जायचं नाहीये आणि रेघ ओढवत नाहीये.

मग एक संत्रं माझ्या हातात ठेवून गेले.

मी त्यांना 'नाही' म्हटलेलं नाही, हे इथे नोंदवून ठेवते.

८ नोव्हेंबर, शनिवार

भात्याचा सण. सगळ्या गल्ल्या शांत. एकही घण नाही. असं शांत असलं की आपलाच श्वास ऐकू येतो, आणि ते बरं वाटत नाही.

जायला निघाले होते. चपला घातल्या. मग वाटलं, उत्तर न देता सणाला जाऊन बसणं म्हणजे उत्तर दिल्यासारखंच होईल. आणि असं चोरून उत्तर देणं मला पटत नाही. आत्याबरोबर मिठाई पाठवली.

आत्या अकरा वाजता परत आली, गुडघे चोळत. म्हणाली, भात्यापुढे दोन उशा होत्या. एकीवर मोरिबे. दुसरी रिकामी. मी बसायला गेले तर म्हणतो, ती नको, ती कुणाची तरी आहे. म्हणून म्हातारी मी थंड जमिनीवर बसले. तुझ्यामुळे.



मग त्सुजिमुराबाईंची सुरी काढली, छिन्नी घेतली आणि एका दमात नाव कोरून शेवटची रेघ ओढली. थरथरली. मुद्दाम नाही. खाली येता येता निसटली. अगदी तशीच.

पुसली. तेल लावलं. कागदात गुंडाळली.

आता ठरलं. कुणालाही न विचारता, थेट. तारीख लिहून ठेवते म्हणजे पळवाट नको.

सोमवारी, १० नोव्हेंबर, सकाळी सहाला, भट्टी पुन्हा पेटते तेव्हा.

दुरुस्ती: सोमवारी किशिवादाला सुरी पोचवायला जायचं आहे. हे काम पोस्टाने करण्यासारखं नाही. मंगळवार, ११.

दुरुस्ती: सणानंतरच्या आठवड्यात काकांकडे तुंबलेलं काम असतं, नवीन माणसाचा त्यांना त्रासच होईल. सोमवार, १ डिसेंबर.

दुरुस्ती: डिसेंबरमध्ये दुकान सोडणं म्हणजे बाबांना तोंडघशी पाडणं. ते 'जा' म्हणाले तेव्हा त्यांनी डिसेंबरचा विचार केला नसावा.

अखेरची दुरुस्ती. उशी ज्या दिवसाची, त्याच दिवशी बसावं हे योग्य. भात्याचा सण, पुढच्या वर्षीचा. ८ नोव्हेंबर, सकाळी नऊ. रविवार येतो, पाहिलं. दुकान बंद असेल, कुणाचीच अडचण होणार नाही.